पंधरांतले आठ रुपये

मुलांनो, आज सुरुवातीला एक तोंडी हिशेब. वही-पेन्सिल नको, नुसतं डोकं चालवा.

एका घरात महिन्याला १५ रुपये येतात. त्यांतले ८ रुपये परगावी शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवले जातात. उरलेल्या पैशांत बाकीच्या सगळ्या माणसांनी महिना काढायचा. तर धाकट्या भावाच्या वाट्याला दिवसाला किती आले, आणि घराच्या वाट्याला किती?

हा हिशेब एकशे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे बरं का! तेव्हा रुपयाचे सोळा आणे होत. म्हणून आपण आण्यांत मांडू. ८ रुपयांचे झाले १२८ आणे. ७ रुपयांचे झाले ११२. आता दोन्हींना तिसांनी भागा. धाकट्याला दिवसाला साधारण सव्वाचार आणे मिळाले आणि सगळ्या घराला मिळून पावणेचार!

तुम्ही म्हणाल, काहीतरी चुकलंय. एकट्या मुलाला जास्त आणि घरभर माणसांना कमी, असं कुठे असतं का? पण उत्तर बरोबर आहे. आणि ही वाटणी ज्यानं केली तो काही पिकल्या मिशांचा कर्ता पुरुष नव्हता. तो होता अवघ्या अठरा वर्षांचा मुलगा. त्याचं नाव गोविंद कृष्ण गोखले.

धाकट्या भावाचं नाव मात्र मी सांगायच्या आधीच तुम्ही ओळखलं असेल. डोक्यावर पगडी, डोळ्यांवर चष्मा, खांद्यावर उपरणं. इतिहासाच्या पुस्तकात हे चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले! गांधीजी ज्यांना आपले राजकीय गुरू मानत, ते गोखले.

आपल्या या सदरात मोठ्या माणसांच्या गोष्टी नेहमी येतात. आजची गोष्ट मोठ्या माणसाच्या मोठ्या भावाची.

एक शाळेत, एक नोकरीत

गोपाळचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागलला कारकून म्हणून लागले आणि पुढे फौजदार झाले. नोकरी साधी आणि घर मोठं. दोन भाऊ आणि चार बहिणी. कागलची शाळा संपल्यावर पुढच्या शिक्षणासाठी दोघा भावांना कोल्हापूरला ठेवलं होतं.

१८७९ साली वडील वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा होता, गोविंद अठराचा.

घरात साठवलेला पैसा नव्हता. आईला आणि बहिणींना काकांनी ताम्हणमळ्याला, म्हणजे मूळ गावी नेलं. आता प्रश्न एवढाच होता की, दोघांची शाळा सुटणार की एकाची?

गोविंदानं आपली सोडली.

वडील जिथे नोकरीला होते त्याच कागलला त्यानं १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि दर महिन्याला ८ रुपये कोल्हापूरला पाठवायला लागला. गोष्ट इतकीच. पण जरा थांबून विचार करा. गोविंदही कालपर्यंत दप्तर घेऊन जाणारा मुलगाच होता. अठराव्या वर्षी प्रत्येकालाच आपलं आपलं काही करावंसं वाटतं. तुमच्या घरात कॉलेजात जाणारा दादा किंवा ताई असेल तर तिच्याकडे बघा, म्हणजे अठरा वर्षं म्हणजे किती लहान वय, ते कळेल. गोविंद एका महिन्यात मुलाचा बाप्या झाला. सगळं घर त्याच्या खांद्यावर आलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात चार बहिणीही होत्या. त्या काळात ‘कुणी शिकायचं?’ हा प्रश्न फक्त भावांपुरताच निघे. आज तो तसा निघत नाही, निदान निघू नये. आपल्याकडे निघत असेल, तर मुलींनो, खुशाल भांडा.

दोन आण्यांचं नाटक

आता रस्त्यावरच्या दिव्याची गोष्ट. ती तुम्ही कुठे ना कुठे ऐकलीच असेल.

कोल्हापुरात शिकताना गोपाळला एक मित्र नाटकाला घेऊन गेला, असं सांगतात. गोपाळला वाटलं, मित्र आपल्याला दाखवतोय. नाटक झालं, दोन-चार दिवस गेले, आणि मित्रानं तिकिटाचे दोन आणे मागितले! गोपाळनं एक शब्द न बोलता दिले. मग ते भरून कसे काढायचे? तर त्यानं खोलीतल्या दिव्याचं तेल वाचवलं आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला.

शाळेत ही गोष्ट सांगतात ती गोपाळच्या चिकाटीची म्हणून. चिकाटी होतीच. पण आपला मघाचा हिशेब घेऊन ही गोष्ट पुन्हा वाचा. गोपाळला दिवसाला सव्वाचार आणे. त्यात जेवण, फी, तेल, कागद सगळं आलं. त्यातले दोन आणे गेले म्हणजे जवळजवळ निम्मा दिवस गेला. आणि तिकडे गोविंदाचा पगार दिवसाला आठ आणे. म्हणजे दोन आणे ही मोठ्या भावाची पाव दिवसाची मजुरी!

गोपाळला दुसरा एक सोपा उपाय होता. दादाला चार ओळी लिहायच्या की, या महिन्यात दोन आणे जास्त पाठव. त्यानं तसं केलं नाही. मला वाटतं, त्या दिव्याखाली त्याला बसवलं ते फक्त अभ्यासाच्या ओढीनं नव्हे. आठ रुपये कुठून येतात आणि ते पाठवल्यावर मागे काय उरतं, हे त्या मुलाला ठाऊक होतं. आपण मागितलं तर दादा नाही म्हणणार नाही, हेही ठाऊक होतं. म्हणून तर मागायचं नाही!

वहिनीचे दागिने

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. मॅट्रिक झालेल्या मुलाला तेव्हा नोकरी मिळे. गोपाळलाही वाटलं, आता पुरे. आपणही चार पैसे मिळवू, दादाचा भार हलका करू.

पण दादा ऐकेना. गोपाळनं कॉलेजात गेलंच पाहिजे, असं गोविंदरावांचं ठाम मत पडलं. कॉलेज म्हणजे फी आली, पुस्तकं आली. सात रुपयांत चालणाऱ्या घरात ते कुठून आणायचं? तेव्हा वहिनी पुढे झाली. गोविंदरावांच्या पत्नीनं दिराच्या शिक्षणासाठी आपले दागिने काढून दिले.

मुलांनो, हे वाक्य वाचून पटकन पुढे जाऊ नका. त्या काळातल्या बाईच्या नावावर ना घर असे, ना जमीन, ना बँकेचं पुस्तक. अंगावरचे दागिने हीच तिची अडीनडीची शिदोरी. ती तिनं दुसऱ्याच्या शिक्षणात घातली. स्वतः कधी कॉलेजची पायरी न चढणाऱ्या बाईनं दिराला ती पायरी चढवली. म्हणून गोविंदरावांची आठवण काढताना एकट्या गोविंदरावांची काढून चालत नाही. संसार दोघांचा होता, आणि देणंही दोघांचं होतं.

गोपाळ आधी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. तिथे त्याला महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. दादाच्या पहिल्या पगारापेक्षा पाच रुपयांनी जास्त! १८८४ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, तो बी. ए. झाला. ज्या वयात थोरल्यानं शाळा सोडली, त्याच वयात धाकट्यानं पदवी घेतली.

दुसरं देणं

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली आहे. एकानं राबायचं, दुसऱ्यानं शिकायचं. पुढे शिकलेला मोठ्या पगारावर चढतो आणि घराचे दिवस पालटतात. राबणाऱ्याची तेवढीच आशा असते, आणि त्यात गैर काही नाही.

बी. ए. झाल्यावर वकिलीचा रस्ता मोकळा होता. वकिलीत पैसा होता, मान होता. गोपाळरावांनी कायद्याचा अभ्यासही सुरू केला होता. पण १८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. टिळक, आगरकर यांच्यासारखी माणसं तिथे होती. त्यांनी काढलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं आजीव सभासद व्हायचं म्हणजे वीस वर्षं ७५ रुपये महिना पगारावर शिकवत राहायचं. त्याहून जास्त मिळकतीच्या मागे लागायचं नाही. गोपाळरावांना तेच करायचं होतं.

आता तुम्ही क्षणभर गोविंदरावांच्या जागी बसा. शाळा सोडलीत. सात-सात रुपयांत घर रेटलंत. बायकोचे दागिने गेले. भाऊ हुशार निघाला, पदवीधर झाला. आता कुठे सावली मिळेल असं वाटतंय, तर हा म्हणतो, मला वकील व्हायचं नाही, मी मास्तर होणार!

मोठ्या भावाची समजूत घालूनच गोपाळराव १८८६ साली आजीव सभासद झाले. गोविंदरावांनी त्यांना मोकळं केलं.

हे गोविंदरावांचं दुसरं देणं. पहिलं आठ रुपयांचं होतं. ते मोजता येतं. दुसरं मोजता येत नाही. ज्याच्यासाठी आपण खस्ता खाल्ल्या त्याला ‘आता माझं ऐक’ असं म्हणायचा हक्क सोडून देणं, हे पैसे देण्याहून अवघड आहे. पालकहो, ही ओळ तुमच्यासाठीही आहे बरं का. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं’ हे वाक्य पुष्कळ घरांत रोज ऐकू येतं. ते खरंही असतं. पण गोविंदरावांनी ते वाक्य भावाच्या पायात अडकवलं असतं, तर देशाला एक पैसेवाला वकील मिळाला असता आणि आपल्या पुस्तकातले गोखले हरवले असते.

मागे राहिलेल्या भावानं काय केलं?

पुढची कहाणी तुम्हांला माहीत आहे. गोपाळराव फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास असे विषय शिकवत. आपले सहकारी बापट यांच्याबरोबर त्यांनी अंकगणिताचं पुस्तक तयार केलं आणि ते देशातल्या अनेक शाळांत चाललं. आठ रुपयांत महिना बसवणाऱ्या मुलानं अंकगणित लिहावं, हे किती शोभून दिसतं! १९०५ साली ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी १२ जूनला त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. या समाजात येणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. त्या शपथेत एक कलम असं होतं की, जात आणि धर्म न पाहता सगळ्या हिंदी लोकांना मी भाऊ मानीन. पुष्कळांनी हा शब्द सहज उच्चारला असेल. पण गोपाळरावांना भाऊ या शब्दाची किंमत रुपये-आण्यांत ठाऊक होती.

१९०७ साली गोविंदराव वारले.

गोपाळराव तेव्हा देशातले मोठे पुढारी होते. सभा, दौरे, कायदे कौन्सिलाची भाषणं, सगळीकडून ओढाताण चाललेली होती. प्रकृती साथ देत नव्हती. त्यातच डोक्यावरचं छत्र गेलं. वडील तेराव्या वर्षीच गेले होते. त्यानंतर वडिलांच्या ठिकाणी होता तो हाच भाऊ. त्याच्यामागे त्याच्या कुटुंबाचा भार आता गोपाळरावांनी उचलला. १८७९ साली गोविंदरावांनी जे केलं, तेच आता धाकट्यानं केलं. भावाची आठवण ठेवायची याहून चांगली रीत कुठली असेल?

आणि आणखी एक आठवण, जी मला तरी त्या पंधरा रुपयांशी जोडलेली वाटते. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी कायदे कौन्सिलात एक विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणं टप्प्याटप्प्यानं सक्तीचं करावं, असा त्याचा हेतू होता. त्यात गरिबांसाठी एक तरतूद होती. ज्या पालकाची मिळकत महिना १० रुपयांपेक्षा कमी, त्याच्या मुलाकडून फी घ्यायची नाही. दहा रुपयांत घर कसं चालतं हे कौन्सिलातल्या किती जणांना माहीत असेल? मांडणाऱ्याला माहीत होतं. त्याचं घर सात रुपयांत चाललं होतं.

१९१२ साली ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं अठ्ठेचाळीस. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारा कायदा आपल्या देशात २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. एका भावानं दुसऱ्यासाठी शाळा सोडावी, अशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून एवढी वर्षं लागली. आणि अजूनही काही घरांत ती वेळ येतेच.

फोटोमागचं माणूस

आज पुण्यात फर्ग्युसन रस्त्याचं अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ असं आहे. गोविंदरावांच्या नावाचा रस्ता शोधायची गरज नाही. ज्या माणसानं रस्ता करून दिला, त्याचं नाव रस्त्याला असतंच असं नाही.

तुमच्याही घरात भिंतीवर एखादा फोटो असेल. हार घातलेला. आजोबांचा, काकांचा, मामाचा. कुणाच्या घरी बाबांचा किंवा दादाचाही असेल. ‘हे कोण?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘फार प्रेमळ होते हो!’ खरं असतं ते. पण ‘फार प्रेमळ होते’ हे वाक्य कुणाच्याही फोटोखाली लिहिता येतं. त्यात ते माणूस सापडत नाही. ‘पंधरांतले आठ पाठवायचे’ हे वाक्य मात्र गोविंदरावांचंच. ते दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली बसणार नाही.

माणूस गेलं की त्याच्या मोठ्या गोष्टी लोक बोलतात, आणि बारीकसारीक गोष्टी चार वर्षांत विसरतात. खरं तर माणूस बारीकसारीक गोष्टींतच असतं. काका पगाराच्या दिवशी काय आणायचे? मामानं कुणाच्या लग्नासाठी स्वतःची सायकल विकली? आजोबा रात्री उशिरा आले की कुणासाठी काय झाकून ठेवलेलं असायचं? हे सगळं जुनी माणसं सांगू शकतात. ती आहेत तोवरच.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि फोटोतल्या माणसाबद्दल विचारा. ‘कसे होते?’ असं विचारू नका. ‘काय करायचे?’ असं विचारा. सांगता सांगता आजीचे डोळे भरून आले तर घाबरू नका, विषयही बदलू नका. पदर डोळ्याला लावून ती पुढचं सांगेल. आणि तुमच्या घरातलं दुःख अजून ताजं असेल, बोलवत नसेल, तर नुसतं जवळ बसा. दोन महिन्यांनी विचारलंत तरी चालेल.

जे कळेल ते एका कागदावर लिहा. फार नको, तीनच ओळी. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत नातं, आणि तिसऱ्या ओळीत त्या माणसाचे ‘आठ रुपये’. प्रत्येकाचे काहीतरी असतातच.

वाटलं तर तो कागद मला पाठवा. नाही पाठवलात तरी फोटोच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा. भिंतीला रंग द्यायच्या वेळी कधीतरी कुणीतरी तो फोटो खाली उतरवेलच.